क्रोमॅटिक मीडियंट वाजवताना या चुका टाळा

एकांकिकेच्या तालमीत, दादर असो की परळ, कीबोर्डवाला सी मेजर या कॉर्डवरून (एकत्र वाजणारे तीन सूर) थेट ए फ्लॅट मेजरवर जातो. मूळ कॉर्डपासून तीन-चार अर्धे सूर वर किंवा खाली असलेली, स्केलबाहेरची पण एक सूर सामायिक असणारी अशी कॉर्ड म्हणजे क्रोमॅटिक मीडियंट. प्रसंग पालटल्यासारखा वाटायला हवा, पण बऱ्याचदा नुसता धक्का बसतो.

दोष बहुतेक वेळा हाताचा असतो. सी-ई-जी वर ठेवलेला पंजा तसाच उचलून ए फ्लॅटवर टेकवला की तिन्ही सूर एकदम उडी मारतात. गिटारवर बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेली) सरकवली किंवा सगळे सूर एकदम सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं, तरी तेच. खरं तर सी दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तो सोडूच नका. उजव्या हाताचा अंगठा सी वर तसाच राहू द्या, ई ला अर्धा सूर खाली आणा, जी ला अर्धा सूर वर न्या. पांढरी एकचा सा धरला तर सा-ग-प चं सा, कोमल ग, कोमल ध झालं. एक सूर स्थिर आणि दोन विरुद्ध दिशांना सरकणारे, सगळी जादू यातच आहे. हे आधी अगदी सावकाश, सूर लांबवणाऱ्या पेडलशिवाय वाजवा.

गाणारा असेल तर आणखी जपा. कॉर्ड बदलताना तो शुद्ध ग वर थांबला असेल, तर खालचा कोमल ग त्याला बेसूर ठरवेल. चाल सा वर आणून ठेवा. सी वरून ई मेजरला जाताना मात्र ग च धरायचा, कारण तिथे तो सामायिक आहे.

ई मायनरला क्रोमॅटिक मीडियंट म्हणू नका. ती सी च्याच स्केलमधली, दोन सूर सामायिक असलेली कॉर्ड आहे. सी मेजरच्या चार आहेत: ई, ई फ्लॅट, ए आणि ए फ्लॅट, सगळ्या मेजर. त्यातही ई मेजरनंतर ए मायनर आली की कान ई मेजरला ए मायनरची डॉमिनंट, म्हणजे तिच्याकडे ओढ लावणारी कॉर्ड, समजतो. तिला सेव्हन्थ (चौथा सूर) जोडली तर विचारायलाच नको. रंग हवा असेल तर साधी ट्रायड (तीनच सुरांची कॉर्ड) ठेवा आणि थेट सी वर परता.

सी-ई-ए फ्लॅट-सी हे चक्र मोहात पाडतं. पण ते सप्तकाचे तीन सारखे तुकडे करतं, त्यामुळे घर, म्हणजे मूळ कॉर्ड, कुठलं तेच कळत नाही. मला तरी एका प्रसंगाला एकच बदल पुरेसा वाटतो. शेवट ठाम हवा असेल तर सी च्या आधी जी मेजर घ्या.

स्ट्रिंग्जचा आवाज लावला असेल तर कॉर्ड बदलताना सस्टेन पेडल सोडा, नाहीतर ई आणि ई फ्लॅट एकत्र घुमतात.