पहिलं सेकंडहँड ग्लायडर घेताय? आधी ट्रेलर उघडा

सोलो झालं (म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण), लायसन्स हातात आलं, आणि क्लबच्या ग्लायडरसाठी नंबर लावून बसायचा कंटाळा आला की प्रत्येकाच्या डोक्यात तोच किडा वळवळायला लागतो, स्वतःचं घ्यायचं. नवीन घेण्याची ऐपत बहुतेकांची नसते, म्हणजे जुनंच. आणि जुनं घेण्यात काही कमीपणा नाही बरं का, इंजिन नाही, झिजणारे पार्ट मोजके, नीट ठेवलेलं असलं तर पन्नास वर्षांचं ग्लायडरसुद्धा मजेत उडतं. आता ते नीट ठेवलेलं आहे की नाही हे ओळखायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

बहुतेक जण सुरुवात करतात ग्लाइड रेशोपासून, म्हणजे एक मीटर खाली येईपर्यंत ग्लायडर किती मीटर पुढे जातं तो आकडा. "हे ३८चं आहे, ते ४०चं आहे" वगैरे. त्या आकड्याला अर्थ आहे, नाही असं नाही. वारा नसेल तर १००० मीटर उंचीवरून ३०वालं ३० किलोमीटर जाणार, ३८वालं ३८. खरा फरक कळतो तो समोरून वारा आला की. ताशी ९० ने उडताय आणि ताशी ३० चा वारा तोंडावर, तर त्या ३० किलोमीटरचे २० च उरतात. ३८वालं ताशी ९५ ने उडत असेल तर २६ च्या आसपास. पण पहिल्या दोन सीझनमध्ये तुम्ही खाली उतरणार ते ग्लाइड रेशो कमी पडला म्हणून नाही, थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडलं नाही म्हणून, हे मी स्वतःच्या शेतातल्या लँडिंगांवरून सांगतोय. त्यामुळे तो आकडा सगळ्यात शेवटी बघा.

सगळ्यात आधी बघायचा ट्रेलर, म्हणजे विंग (पंख) सुट्या करून ग्लायडर ज्यात ठेवतात आणि गाडीमागे ओढतात तो लांब डबा. हसू नका. ग्लायडर वर्षातले बहुतेक दिवस त्याच डब्यात पडून असतं, आणि डबा गळका असेल तर आत काय चाललंय देव जाणे. मी पहिलं बघायला गेलो तेव्हा मालकाने ते आधीच जोडून उन्हात उभं करून ठेवलेलं, पांढरं शुभ्र, आणि मी पार विरघळलो. ट्रेलर उघडून बघावा हे सुचलंच नाही. घेतल्यावर पहिल्याच पावसात आत पाणी, विंगच्या टोकाखालचा गालिचा ओला, फिटिंगवर तांबूस डाग. तेव्हापासून माझा नियम असा की ट्रेलरचं झाकण उघडलं की आधी नाक आत घालायचं. कुबट वास आला तर पुढचं सगळं दुप्पट संशयाने बघायचं. लाकडी ग्लायडरमध्ये ओल म्हणजे गोंदाचे जोड गेले, धातूला गंज, आणि काही जुन्या फायबरच्या विंगमध्ये सुद्धा आतल्या थरात बाल्सा लाकूड असतं, ते पाणी पितं. आणि मालकाला सांगून ठेवा की मी यायच्या आधी जोडू नका. ट्रेलरमधून बाहेर काढण्यापासून परत आत ठेवण्यापर्यंत सगळं तुमच्या हाताने एकदा करा, मगच कळतं की विंग किती जड आहे, विंग जोडायच्या पिना सहज जातात की हातोडी लागते, आणि दर रविवारी चार माणसं गोळा करावी लागणार आहेत का.

मग जेलकोट. फायबरच्या ग्लायडरवरचा तो पांढरा थर, ऊन आणि वरच्या थंडीत आकुंचन पावून पावून त्याला बारीक भेगा पडतात. लांबून काही दिसत नाही. संध्याकाळी टॉर्च तिरका धरून विंगच्या वरच्या बाजूवर फिरवा, नखाने हळूच घासून बघा, नख अडकतंय का. थोड्याफार भेगा जुन्या ग्लायडरला असणारच, त्याला घाबरू नका. पण सगळीकडे जाळं झालेलं असेल तर तो थर घासून काढून परत चढवणं हे शेकडो तासांचं काम आहे, आणि स्वस्तातल्या ग्लायडरच्या बाबतीत ते बिल ग्लायडरच्या किमतीला गाठतं, कधी ओलांडतंही. म्हणजे "स्वस्त मिळालं" असं म्हणून घरी आणलेलं ग्लायडर दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. उलट कोणी नुकताच नवा रंग दिला असेल तर विचारा की का दिला, आणि रंगानंतरचा वजनाचा रिपोर्ट मागा.

शेपटीकडचा दांडा, फिनच्या (शेपटीच्या उभ्या पात्याच्या) जरा पुढे, तिथे हात फिरवा. उतरताना एक विंग गवतात अडकून ग्लायडर गर्रकन फिरलं की पहिलं मोडतं ते तिथेच. रंगाची छटा वेगळी, पृष्ठभाग किंचित लाटेसारखा, चाकाच्या खोबणीत नवा फायबर, असं दिसलं की समजा दुरुस्ती झालीय. दुरुस्ती झालीय म्हणून सोडायचं कारण नाही, चांगल्या माणसाने केलेली असेल आणि कागदावर असेल तर ती चालते. कागदावर नसलेली दुरुस्ती मात्र मी घेणार नाही, कितीही गोड बोलला तरी. नाण्याने टकटक करत जा, आवाज टणटणीत यायला हवा, एखाद्या जागी बद्द आला तर तिथला थर सुटलेला असू शकतो. विंगचं टोक धरून हळू पुढेमागे हलवा, मुळाशी खटखट होते का ऐका. दुसऱ्याला एलेव्हेटर (शेपटीवरचा हलणारा भाग), एलेरॉन (विंगच्या मागच्या कडेचा) घट्ट धरायला सांगून तुम्ही कॉकपिटमधून स्टिक, म्हणजे चालवायची दांडी, हलवा, किती ढिलाई आहे ते लगेच समजतं.

कागद हा बोअर विषय आहे पण इथेच लोक फसतात. लॉगबुकमधले तास आणि लाँच (किती वेळा उडालं) दोन्ही बघा. फायबरच्या बऱ्याच मॉडेलना ३००० तासांना मोठी तपासणी लागते, त्यानंतर पुढच्या टप्प्यांना परत, म्हणजे २९५० तासांचं ग्लायडर स्वस्त का मिळतंय हे आपोआप कळेल. टो-हुकचं, म्हणजे ग्लायडर ओढायची दोरी अडकवतात त्या हुकचं, ओव्हरहॉल कधी झालं? आणि हुक कुठे आहे, नाकाशी की पोटाखाली? बऱ्याच जुन्यांना फक्त पोटाखाली असतो, विंचला (जमिनीवरच्या मशीनने दोरी ओढून वर चढवतात त्याला) मस्त, पण तुमच्याकडे फक्त एअरोटो, म्हणजे विमानामागे ओढत नेणं, असेल तर जरा विचार करा. त्या मॉडेलवर निघालेल्या सगळ्या सक्तीच्या सूचना पाळल्यात का तेही बघा. ब्लानिक एल-१३ चं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं, २०१० मध्ये ऑस्ट्रियात एकाची विंग धातूच्या थकव्यामुळे हवेत तुटली आणि जगभरातली एल-१३ जमिनीवर आली. ज्यांनी नुकतीच घेतलेली त्यांचं काय झालं असेल. कंपनी बंद पडलेली असेल तर सुट्या भागांचा आणि टेक्निकल सपोर्टचा ताबा आता कोणाकडे आहे, त्याची दरवर्षी फी द्यावी लागते का, हे पण विचारून ठेवा.

आता तुम्ही स्वतः. पॅराशूट घालून अर्धा तास आत बसा, कॅनॉपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) बंद करून. दहा मिनिटांनी गुडघे पॅनेलला लागायला लागले तर पाच तासांच्या फ्लाइटमध्ये काय होईल? कॉकपिटमधल्या प्लेटवर किमान आणि कमाल वजन लिहिलेलं असतं, तुमचं वजन अधिक पॅराशूट त्यात बसलं पाहिजे, "होईल कमी पुढच्या वर्षी" हा हिशोब इथे धरू नका.

मॉडेलबद्दल थोडं. अगदी कमी पैशात लाकडी विंगवाली, केए ८ किंवा केए ६, ग्लाइड २७ ते ३० च्या दरम्यान, हलकी, कमकुवत थर्मलमध्ये गोड चढतात, पण ताशी १३० च्या पुढे दगडासारखी खाली येतात आणि त्यांना कोरडी जागा पाहिजेच. त्यावर १९६०-७० च्या दशकातली फायबरची १५ मीटर विंगस्पॅनवाली, लिबेल, स्टँडर्ड सिरस, एएसडब्ल्यू १५, अॅस्टिर, सगळी ३८ च्या आसपास. माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त ग्लायडर इथेच मिळतं. प्रत्येकाची एकेक खोड आहे, लिबेलचे एअरब्रेक (विंगमधून बाहेर येऊन ग्लायडरला पटकन खाली आणणाऱ्या पट्ट्या) लेचेपेचे, म्हणजे छोट्या शेतात उतरायचं तर अॅप्रोच नीट जमायला हवा. सिरसची अख्खी आडवी शेपटी फिरते त्यामुळे स्टिक पुढेमागे फार नाजूक लागते. अॅस्टिर ऐसपैस आणि सरळस्वभावी पण विंग उचलताना कंबर आठवते. अजून थोडे पैसे असतील तर एलएस ४, १९८० पासूनचं, हजाराच्या वर बनली, आणि नवख्याला सांभाळून घेणारं याहून चांगलं मी उडवलेलं नाही. फ्लॅपवाली, म्हणजे विंगच्या मागच्या कडेचा भाग खालीवर करता येतो ती, पहिल्यांदा नकोतच. त्यात पिक-२० च्या सुरुवातीच्या मॉडेलना तर एअरब्रेकच नाहीत, सरळ फ्लॅप ९० अंश खाली करून उतरायचं, भारी प्रकार आहे पण शिकायला नाही.

जुन्या ग्लायडरमध्ये कंट्रोल हाताने जोडावे लागतात, प्रत्येक जोडाला सेफ्टी पिन. विसरलं की संपलं, म्हणून जोडल्यावर दुसऱ्याने पृष्ठभाग धरायचे आणि आपण स्टिक हलवून प्रत्येक कंट्रोल तपासायचा, दर वेळी, गप्पा न मारता. आपोआप जोडणारं मिळालं तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही. भारी व्हेरिओ (चढतोय की उतरतोय ते दाखवणारं मीटर), मोठा डिस्प्ले यासाठी मात्र जास्त देऊ नका, ते नंतर बदलता येतं. पॅराशूट, बॅटरी, शेपटीची डॉली (जमिनीवर ढकलायला लावतात ते चाक), विंगचं चाक, कव्हर हे सगळं किमतीत आहे का ते आधी लिहून घ्या, एकेक घ्यायला गेलं की खिसा फाटतो. विमा, वार्षिक तपासणी, ठेवायची जागा हा खर्च उडा अथवा न उडा दरवर्षी आहेच, दोघातिघांत घेतलं तर तो वाटला जातो आणि जोडायला माणसंही आयती मिळतात, फक्त रविवार कोणाचा हे आधी ठरवा.

आवडलं तरी लगेच होकार देऊ नका. मालकाशी संबंध नसलेल्या एखाद्या तपासनिसाला पैसे देऊन दाखवा, शक्यतो त्याच मॉडेलवर काम केलेल्याला. त्याने "ठीक आहे" म्हटल्यावरच टोकन.

आणि घरी ओढून नेण्याआधी ट्रेलरचे टायर बघा. बाजूला चार आकडे एकत्र असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर फार चालत नाही त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र आतून मेलेलं असतं. माझा हायवेवर फुटला, रात्री, स्पेअर पण त्याच वर्षाचा होता.