एलव्हीएमवर जागा कमी-जास्त करताय? या चुका टाळा

एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटून देणारी सोय; त्या भागावर फाइल्स मांडून ठेवणारी रचना म्हणजे फाइलसिस्टीम. वाढवताना आधी लॉजिकल व्हॉल्यूम, मग फाइलसिस्टीम. घटवताना आधी फाइलसिस्टीम, मग व्हॉल्यूम. पोतं कापायचं तर धान्य आधी काढावं लागतं. तरी पोरं हा क्रम उलटा करतातच.

त्याहून घातक चूक म्हणजे उणे चिन्ह विसरणं. लातूरच्या एका डाळमिलमधल्या जुन्या सर्व्हरवर 200 जीबीच्या व्हॉल्यूममधून 50 जीबी काढायचे होते. तिथल्या पोराने फाइलसिस्टीमला हात न लावता थेट एलव्हीरिड्यूस ही व्हॉल्यूम घटवणारी कमांड चालवली आणि आकडा नुसताच लिहिला. उणे 50 म्हणजे पन्नासने कमी कर. नुसतं 50 म्हणजे पन्नासच ठेव. डेटा नष्ट होऊ शकतो, असा इशारा आला. त्याने न वाचता वाय दाबलं. मग फोन: "सर, माउंटच होईना गेलंय. एफएससीके मारू का?" (म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड.)

"काहीच मारू नको. कीबोर्ड सोड."

त्याने ऐकलं म्हणून निभावलं. बदलाआधीचा आराखडा एलव्हीएम आपल्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतं. सुटलेल्या जागेवर अजून काही लिहिलं गेलं नव्हतं, त्यामुळे व्हीजीसीएफजीरिस्टोअरने जुनी मापं परत आणली आणि मिलचे हिशेब जसेच्या तसे सापडले. पण याला बॅकअप समजू नका. त्या आराखड्यात तुमची एकही फाइल नसते.

माझी सवय सांगतो. एक्स्ट फोर ही फाइलसिस्टीम घटवायची असेल तर अनमाउंट, मग ई-टू-एफएससीके सक्तीने. व्हॉल्यूम 150 जीबीवर आणायचा असेल तर फाइलसिस्टीम 140 वर नेतो, व्हॉल्यूम 150 करतो आणि शेवटी रिसाइझ-टू-एफएस आकडा न देता चालवतो; उरलेली जागा ती स्वतः भरते. एलव्हीरिड्यूसचा लहान आरचा पर्याय फाइलसिस्टीम आणि व्हॉल्यूम ही दोन्ही कामं योग्य क्रमाने करतो, चांगलाच आहे. पण नवख्याने टेस्ट मशीनवर आधी हाताने करावं, नाहीतर बिघडल्यावर कुठे अडलं तेच कळत नाही.

एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम वाढते, पण घटवता येईल असं धरून चालू नका. 2014 च्या रेड हॅट लिनक्स 7 पासून तिथे तीच डीफॉल्ट आहे, म्हणून आधी डीएफ ही जागा दाखवणारी कमांड मोठ्या टीसकट चालवून प्रकार बघा.

व्हॉल्यूम वाढवूनही डीएफ जुनाच आकडा दाखवतंय? फाइलसिस्टीम वाढवायची राहिली. एक्सएफएसला एक्सएफएस-ग्रोएफएस लागतं.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही. घटवताना ब्लॉक हलत असतात, तेव्हा वीज गेली तर फाइलसिस्टीम अर्धवट राहते. यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय सुरू करू नका. दुरून करत असाल तर टीमक्स उघडूनच करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं.