गाडीत अँप्लिफायर जोडताना या चुका टाळा

'दोन गाणी वाजतात, मग लाल दिवा लागतो आणि सगळं बंद.' ही तक्रार आली की मी आधी एकच विचारतो, लोड, म्हणजे जोडलेले स्पीकर मिळून, किती ओहमचा लावलाय? ओहम म्हणजे रोध; तो जितका कमी, तितका अँप्लिफायरवर ताण जास्त. दहातले आठ जण गप्प बसतात. वॅट मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतात.

एका ओळखीच्या मुलाकडे मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, अँप्लिफायर होता; त्याला किमान २ ओहमचा लोड लागायचा. त्यावर ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला एक सब-वूफर (बासचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब), दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. म्हणजे २ ओहम. झकास चालत होतं. मग त्याने तसाच दुसरा सब आणला आणि त्याच टर्मिनलवर पॅरलल जोडून टाकला. चार कॉइल पॅरलल म्हणजे १ ओहम. अँप्लिफायर प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे लाल दिवा लावून स्वतःच बंद पडायचा, आणि हा मुलगा तो बंद करून परत चालू करायचा. चार दिवस हेच. मी झाकण उघडलं तेव्हा जळका वास आत कोंडलेला होता, आउटपुटचे ट्रान्झिस्टर फुटले होते. लाल दिवा लागला तेव्हा अँप्लिफायर स्वतःला वाचवत होता, आणि याने त्याला वाचू दिलं नाही. खूप वाईट वाटलं, कारण उपाय पाच मिनिटांचा होता. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, एकीमागे एक, म्हणजे ८ ओहम. मग दोन्ही सब एकमेकांना पॅरलल, म्हणजे ४ ओहम. असे दोन सब सारखे जोडले तर १, ४ किंवा १६ ओहमच मिळतात, २ मिळतच नाहीत. म्हणून दुसरा सब विकत घेण्याआधी कागदावर आकडेमोड करा. जोडून झालं की अँप्लिफायरला लावण्याआधी वायरच्या टोकांना मल्टिमीटर लावा. ४ ओहमच्या जागी साडेतीनच्या आसपास दिसलं तर बरोबर आहे. ब्रिज करणार, म्हणजे दोन चॅनल एकत्र करून एकच स्पीकर चालवणार असाल तर बहुतेक अँप्लिफायरना किमान ४ ओहम लागतात.

फ्यूज बॅटरीजवळ हवा, दीड फुटाच्या आत. अँप्लिफायरशेजारी लावून भागत नाही. हा फ्यूज बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतच्या केबलसाठी असतो. पत्र्यावर घासून केबलचं आवरण फाटलं की शॉर्ट वाटेतच होतो, आणि मागे डिकीत बसलेला फ्यूज काही करू शकत नाही. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) नसेल तर मी केबल ओवतच नाही, कितीही घाई असो.

अर्थच्या, म्हणजे अँप्लिफायरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याच्या, बाबतीत लोक फार आळस करतात. रंगावरच बोल्ट आवळतात आणि मग इंजिनबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून का येते म्हणून विचारतात. रंग पॉलिश पेपरने पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवा आणि आवळा, वर थोडं ग्रीस लावा. वायर आखूड आणि पॉझिटिव्हइतकीच जाड. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. शिट्टी तरीही राहिली तर आरसीए केबल (स्टिरिओकडून अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवर केबलला चिकटून गेली आहे का बघा. मी दोन्ही गाडीच्या दोन बाजूंनी नेतो.

रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओबरोबर अँप्लिफायर चालू-बंद करणारी वायर, थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडू नका, अँप्लिफायर रात्रभर जागा राहून बॅटरी उतरवेल.

अँप्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, ते स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचं असतं. आवाज फाटेपर्यंत पिळलात तर कॉइल जळेल.

स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर त्याच कामाला एक साइज जाड घ्या.

आणि बास अचानक पोकळ वाटत असेल तर नवा सब आणायला धावू नका. एखादा स्पीकर उलटा जोडला गेलेला असतो. वायर अँप्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर वायर बरोबर, आत गेला तर उलटी. मी हे प्रत्येक स्पीकरला करतो, दाराचं पॅनल बसवण्याआधी.