जपानी कराओकेत पहिलं गाणं कोणतं घ्यावं?

तरुण मुलांची फसगत बहुधा पट्टीत होते. जपानी पॉपमधले बरेच गायक कोरसमध्ये (गाण्याच्या धृपदात) ४४० हर्ट्झच्या आसपास सहज जातात; सर्वसाधारण पुरुषी आवाज त्याच्या चार-पाच अर्धस्वर खालीच ताणला जातो. म्हणून गाणं निवडताना सुरुवात नव्हे, शेवटचा कोरस ऐका. तिथे अनेकदा पट्टी अर्धा किंवा एक स्वर वर सरकते. तेवढाच भाग घरी पूर्ण आवाजात म्हणून बघा. घसा आवळला, तर कराओकेच्या टॅब्लेटवर 'की' (म्हणजे पट्टी) −२ ते −४ अर्धस्वर करा. त्याहून खाली नेलं की अंतऱ्यातले खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. मग गाणंच बदलावं.

संथ गाणं सोपं असतं हा गैरसमज आहे. लांब स्वरात श्वास संपतो आणि सूर हललेला लगेच कळतो. मध्यम लय आणि छोट्या ओळी उत्तम. रॅप असेल तर टाळाच.

जपानी गायक क्यू साकामोतोचं १९६१ चं 'उए ओ मुइते अरुको' सुरुवातीला घ्यायला छान. पहिली ओळ आपल्या भूपाच्या पाच स्वरांत बसते, मधल्या शिट्टीत दम घेता येतो. त्याची स्वर तोडून म्हणायची लकब मात्र उचलू नका, सरळ गा.

पडद्यावरच्या ओळींत कांजीवर (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांवर) बहुतेक वेळा काना या उच्चारदर्शक लिपीत उच्चार दिसतो, त्यामुळे हिरागाना-काताकाना हे कानाचे दोन प्रकार वाचता आले तरी भागतं. गाईड मेलडीचा (गाण्याची चाल दाखवणाऱ्या वाद्याचा) आवाज वाढवा, एको कमी ठेवा. जास्त एकोत स्वतःचा सूर नीट कळत नाही.