कर्सर आणि होव्हर : क्लिकपूर्वीचे संकेत नीट कसे द्यावेत

बटण दाबण्याआधी वापरणाऱ्याला त्याच्याविषयी जे कळते, त्यातले बरेचसे कर्सरच्या आकारातून आणि होव्हरच्या (क्लिक न करता कर्सर नुसता वर नेल्यावर होणाऱ्या) बदलातून कळते. म्हणून हे संकेत शेवटच्या रंगरंगोटीत न उरकता, घटकाचे वर्तन ठरवतानाच ठरवावेत.

सीएसएसमधले (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतले) तयार कर्सर बहुतेक कामांना पुरतात : लिंकवर हात, मजकुरावर उभी रेघ, ओढता येणाऱ्या वस्तूवर उघडा पंजा आणि ओढत असताना मिटलेली मूठ. बटणावर हात असावा की बाण, यावर मतभेद आहेत. डेस्कटॉपवर बाणाची परंपरा आहे, वेबवर हात रूढ झाला आहे. काहीही निवडावे, पण सर्वत्र तेच ठेवावे. निष्क्रिय बटणावर मनाईचे चिन्ह दाखवायचे असल्यास त्याच बटणाचे ‘पॉइंटर-इव्हेंट्स’ (माऊसला मिळणारा प्रतिसाद) बंद करू नयेत. तसे केल्यास माऊसच्या लेखी ते बटण उरतच नाही आणि त्यामागच्या घटकाचा कर्सर दिसतो.

होव्हरचा बदल सौम्य आणि तत्पर असावा; पार्श्वभूमीची छटा 100 ते 150 मिलिसेकंदांत बदलली तरी पुरे. होव्हरवर नवी किनार आली की शेजारचा मजकूर सरकतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीची पारदर्शक किनार आधीपासूनच द्यावी. याहून चकवणारी चूक होव्हरवर वर उचलल्या जाणाऱ्या कार्डाची (मजकूर-चित्राच्या चौकोनी खणाची) आहे. कर्सर खालच्या कडेवर असताना कार्ड 4 पिक्सेल वर गेले, की ते कर्सरखालून निसटते, होव्हर संपतो, कार्ड खाली येते, पुन्हा होव्हर लागतो, आणि कार्ड थरथरत राहते. यासाठी होव्हर बाहेरच्या स्थिर चौकटीवर ओळखावा आणि हलवावे ते आतले कार्ड.

स्पर्शपडद्यावर खरा होव्हर नसतो. उलट, बोट लावल्यावर होव्हरची शैली तशीच चिकटून राहू शकते. होव्हरच्या शैली ‘होव्हर’ या मीडिया क्वेरीत (उपकरणावर होव्हर करता येतो का, हे तपासणाऱ्या सीएसएसच्या अटीत) ठेवल्यास हे बहुतांशी टळते. ‘काढून टाका’सारखे बटण केवळ होव्हरवर दाखवणे मला अयोग्य वाटते, कारण कीबोर्ड वापरणाऱ्याला ते सापडतच नाही; निदान टॅब कळीने त्यावर फोकस येताच ते दिसायला हवे. होव्हरवर उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीसाठी 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे) मधील निकष 1.4.13 पाळावा : कर्सर न हलवता ती बंद करता यावी, कर्सर तिच्यावर नेता यावा आणि ती आपोआप नाहीशी होऊ नये.

तपासताना प्रत्येक घटकाच्या चारही कडांवरून माऊस अगदी सावकाश फिरवावा, आणि मग माऊस बाजूला ठेवून तेच काम टॅब कळीने करून पाहावे.