१०८ येईपर्यंत: लकवा, फिट आणि पोटदुखी

पोहे खाताना आजोबांच्या हातून चमचा निसटतो, चहा ओठाच्या एका कडेने ओघळतो, बोलणं बोबडं होतं. इंदूरच्या घरांत अशा वेळी आधी डोकं चोळलं जातं, मग बीपीची जादा गोळी आणि वर पाणी. आधी घड्याळ बघा. त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला लावा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. तोंड वाकडं, एक हात खाली घसरतो किंवा शब्द अडखळतात, यातलं एकही दिसलं तर लकवा समजून १०८ लावा. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी न्यायचंच.

मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ही मोजणी माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून सुरू होते. सकाळी उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री किती वाजता ठीक होते ते कागदावर लिहा. अॅस्पिरिन घरी देऊ नका: लकवा रक्तस्रावाचाही असतो आणि तो सीटी स्कॅनशिवाय ओळखता येत नाही. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरी उतरवू नका. गिळणं बिघडलेलं असतं, म्हणून पाणीही नको, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, ७०च्या खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. माणूस पूर्ण जागा असेल आणि नीट गिळत असेल, तरच तीन-चार चमचे साखर पाण्यातून.

राजवाड्यामागच्या गल्ल्यांत गाडी दारापर्यंत येत नाही. एकाला ठळक खुणेच्या चौकात उभं करा. अरुंद जिन्यावरून उतरवायचं तर जागा असलेल्या माणसाला मजबूत खुर्चीत बसवून, बेशुद्धाला कुशीवर स्ट्रेचरवर. दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवू नका, मान पुढे लटकली की श्वास कोंडतो.

फिट आली तर कांदा, चप्पल, दातांत चमचा, सगळं बाजूला. भोवतालचं सामान हटवा, डोक्याखाली घडी घातलेली चादर, वेळ मोजा. झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ आली किंवा पहिलीच असेल तर १०८.

पोटाचं निदान घरात सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्यावर ढकललं जातं. बहुतेकदा खरंही असतं. पण मुतखड्याचा माणूस तळमळतो, आतडं किंवा जठर फुटलेला मात्र हलत नाही, खोकला तरी कळवळतो, पोट फळीसारखं कडक. त्याला काहीही खायला-प्यायला देऊ नका. कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच म्हणजे आत रक्तस्राव. गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक घेणाऱ्यांत विशेष. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नाही.) मधुमेही माणसाला वरच्या पोटात जळजळ आणि दरदरून घाम असेल, तर अॅसिडिटी न म्हणता ईसीजी मागा.

जुलाबांत मात्र तोंड बंद ठेवू नका. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात टाकून चव बघू नये, प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने.

निघताना औषधांची पिशवीच उचला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते लिहून.