घरून काम करताना दिवस कसा लावावा? आधी सुटायची वेळ ठरवा

पहाटे पाचला उठा, ध्यान करा, वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा. घरून काम करणाऱ्याला असले सल्ले पोत्यानं मिळतात आणि आठवडाभरात बारगळतात. साताऱ्यात बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करणाऱ्याचा ताण सकाळी नसतोच. तो असतो संध्याकाळी साडेसातला. स्वयंपाकघरात कुकर लागलेला, लॅपटॉप अजून उघडाच, आणि आजचं काम संपलं का, हे खुद्द करणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून दिवसाची आखणी शेवटाकडून करा.

सुटायची वेळ ठरवा आणि मागं मोजत या. जेवण धरून ९ तास भरायचे आणि साडेसहाला सुटायचं, तर साडेनऊला बसायलाच हवं. "लवकर उरकलं तर लवकर सुटू" असं घरी होत नाही. लवकर उरकलं की पुढचं काम येतं.

साडेनऊच्या आधीचं सोपं आहे: अंघोळ, नाश्ता, कपडे बदलणं आणि २० मिनिटं बाहेरचं ऊन. अजिंक्यतारा चढणारे चढोत, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलात तरी भागतं. नळाला पाणी यायची वेळ पेठेपेठेत वेगळी. तुमच्याकडे पाणी कामाच्या वेळेत येत असेल तर तेवढा अर्धा तास कॅलेंडरवर अडवून ठेवा, नाहीतर मीटिंग सोडून मोटर लावायला पळावं लागतं.

बसायची जागा पलंग सोडून कुठलीही चालेल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. वीज जाणार हे धरूनच चाला. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, पण दुकानात जाण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्टचं आउटपुट ९ व्होल्टच्या राउटरला लावलं तर राउटर जळू शकतो. महावितरणकडे मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तर दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस येतो. तो दिवस महत्त्वाच्या मीटिंगला देऊ नका.

आता घरचे. "घरीच हायस की, सिलिंडरवाला आला तर बघ जरा." यावर "मला कामात डिस्टर्ब करू नका" म्हणून काही होत नाही, फक्त तोंडं वाकडी होतात. घरच्यांना मनाई पटत नाही, वेळ पटते. सव्वाअकरा ते साडेअकरा आणि दुपारी एक ते पावणेदोन मोकळा, एवढंच कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा आणि त्या वेळी खरंच उठा. सव्वाअकराला आईनं दोनदा हाक मारूनही तुम्ही हलला नाहीत, तर त्या कागदाची किंमत तिथंच संपली. शेवटचा चहा चारच्या आत. त्यातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण ५ तास लागतात.

खरा अवघड भाग म्हणजे काम बंद करणं. ऑफिसात ते आपोआप होतं. शेजारचा उठतो, बस गाठायची असते, घर येईस्तोवर डोकं मोकळं होतं. घरी कामाचं टेबल आणि जेवणाचं ताट यांच्यात सहा पावलं. त्यामुळे शेवटची २५ मिनिटं मुद्दाम राखून ठेवावी लागतात.

सहा वाजून पाच मिनिटांनी नवीन मेल उघडणं बंद. हाच नियम सगळ्यात आधी मोडतो. "नुसतं बघतो, उत्तर उद्या" हे फार महागात पडतं: वाचलं म्हणून डोक्यात शिरलं, उत्तर दिलं नाही म्हणून तिथंच राहिलं. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त आठवतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ सालीच मांडलं होतं. पण त्यासाठी सगळं संपवूनच उठायला हवं असं नाही. राहिलेलं काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी डोकं त्याचा पिच्छा सोडतं.

म्हणून पुढची १० मिनिटं कागदाला द्या. राहिलेलं प्रत्येक काम एका ओळीत, पण कामाचं नाव लिहू नका, सुरुवात कुठून करायची ते लिहा. "जीएसटी रिपोर्ट" असं लिहिलंत तर रात्री तो रिपोर्ट उशाशी येतो. "उद्या ९.४०, जुलैची शीट उघडून विक्रीचा कॉलम बिलांशी ताडायचा" असं लिहिलंत की विषय मिटला. पाच ओळींच्या वर गेलं तर उरलेल्यांना परवाची तारीख घाला. आणि कागदच घ्या. मोबाईलवर यादी करायला गेलात की मेसेज दिसतात, मग यादी राहते बाजूला.

मग टीमच्या ग्रुपवर दोन ओळी: आज काय झालं, उद्या काय. वरिष्ठांना एकदाच स्पष्ट सांगून ठेवा, "साडेसहानंतर तातडीचं असेल तर फोन करा." बहुतेक जण घाबरून हे सांगतच नाहीत. फोन करताना माणूस जरा विचार करतो, मेसेज टाकताना करत नाही. म्हणून मेसेजचे आवाज बंद, फोन चालू.

शेवटी लॅपटॉप शटडाऊन करा. नुसतं झाकण लावून उपयोग नाही. जेवणानंतर ते उघडलं की सगळे टॅब जसेच्या तसे समोर हजर. चार्जर काढा, लॅपटॉप कपाटात टाका आणि लगेच चपला घालून बाहेर पडा. २० मिनिटं पुरतात. येताना दळण आणा, भाजी आणा. खुर्चीतून उठून थेट सोफ्यावर मोबाईल घेऊन पसरलात, तर वरचं सगळं वाया. जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या पावसात हे बोंबलतं, तेव्हा छत्री घेऊन कोपऱ्यावरून दूध आणायचं किंवा जिन्यात फेऱ्या मारायच्या. बाल्कनीत उभं राहणं धरू नका.

सव्वासहाला फोन येणार आणि घडी मोडणार, हे नक्की. अशा वेळी सुटायची वेळ सात करा, पण शेवटची २५ मिनिटं कापू नका. एखादा दिवस उशीर झाला तर निभतं. कागद न लिहिता उठलात तर तो फोन जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

टीम परदेशात असेल तर साडेसहा विसरा आणि दिवसाचे दोन तुकडे करा: ११ ते ३ आणि ६ ते १०. मधले तीन तास पूर्ण मोकळे, त्यात "जरा एक मेल" सुद्धा नाही. बंद करण्याचा सगळा क्रम दहाच्या आधी, चालणं मात्र मधल्या वेळेत. आणखी एक भानगड म्हणजे लंडनची दुपारी दोनची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येते, कारण घड्याळं त्यांची हलतात. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुमच्या टीमच्या दोन रविवारांना आत्ताच खुणा करा, आणि त्या आठवड्यापासून जेवण तासभर मागंपुढं होणार हे घरी आधीच सांगून ठेवा.